किनाऱ्यावरच्या मुलांना शिडाची होडी कशी शिकवावी

शिडाची होडी चालवायला शिकवणे आणि समुद्रावर जबाबदारीने वावरायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मुलांच्या प्रशिक्षणातला बहुतेक वेळ पहिल्याच कामात जातो. चुणचुणीत मूल थोड्याच सत्रांत सुकाणू धरून होडी सरळ नेऊ लागते. पण आज पाण्यावर जावे की नाही, किती लांब जावे, कधी माघारी फिरावे, शेजारची होडी उलटली तर आपण काय करावे, हे ठरवण्याची जाण इतक्या लवकर येत नाही. ती आपोआप तर येतच नाही. म्हणून साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शिकवू पाहणाऱ्या प्रशिक्षकांनी, मंडळांनी आणि पालकांनी पहिल्या दिवसापासून एक धोरण ठेवावे: रोज एखादा तरी लहानसा निर्णय मुलांच्या हाती द्यायचा आणि तो कसा घेतला हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे. पुढची सगळी मांडणी या धोरणाला धरून आहे.

पाण्यात उतरण्याआधी

मूल पोहू शकते असे पालकांनी सांगितले म्हणून ते गृहीत धरू नये. तलावातल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात पोहणे आणि अंगावर भिजलेले कपडे असताना तोंडावर लाटा घेत पोहणे यांत फार फरक आहे. प्रत्येक मुलाची चाचणी स्वतः घ्यावी: अंगात कपडे ठेवून ५० मीटर पोहणे, त्यानंतर काही मिनिटे न घाबरता जागीच तरंगणे आणि डोके पाण्याखाली गेले तरी शांत राहणे. वेगाला इथे महत्त्व नाही. जे मूल ५० मीटर झपाट्याने कापते पण नाकात पाणी गेले की हातपाय झाडू लागते, त्याला आधी पोहण्याचा आणखी सराव द्यावा.

अंगावर काय घालायचे याबद्दल पुष्कळ गोंधळ असतो. ५० न्यूटन तरंगक्षमतेचे बॉयन्सी एड, म्हणजे पोहणाऱ्याला तरंगायला मदत करणारे आखूड जॅकेट, अंगासरसे बसते, त्यात हालचाल मोकळी राहते आणि होडीत चढणे सोपे जाते; मात्र बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर राहावा अशी त्याची रचना नसते. त्या हेतूने बनवलेले लाइफ जॅकेट १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक क्षमतेचे असते आणि त्याला मानेमागे कॉलर असते. बचाव नौका हाकेच्या अंतरावर असेल आणि मुलांना पोहता येत असेल, तर छोट्या होडीत बॉयन्सी एड पुरेसे असते. किनाऱ्यापासून दूर किंवा मोठ्या नौकेवर जाताना लाइफ जॅकेटच हवे. दोन्हींच्या बाबतीत माप तितकेच महत्त्वाचे आहे. मुलाला हात वर करायला सांगून जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठे आहे. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा आणि तो लावलेला असावा. नुसता लोंबता पट्टा काही कामाचा नाही.

दमा, फिट येणे, जुनी दुखापत किंवा नियमित औषध यांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी आणि ती किनाऱ्यावरच्या कपाटात न ठेवता बचाव नौकेवरच्या माणसाला ठाऊक असावी. दम्याचा पंप जलरोधक पिशवीत घालून बचाव नौकेवरच ठेवावा.

होडीच्या निवडीत मी साधेपणाच्या बाजूने आहे. लहान मुलांसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ऑप्टिमिस्ट ही होडी १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी तयार केली. आठ फुटी प्लायवूडच्या फळ्यांतून ती बनवायची असल्यामुळे तिचे पुढचे टोक निमुळते न ठेवता बोथट ठेवले गेले. सुमारे २.३ मीटर लांबी, ३५ किलो वजन, एकच शीड आणि स्थिर तळ यांमुळे पंधरा वर्षांपर्यंतचे मूल ती एकटे सांभाळू शकते. जी मुले एकटी जायला घाबरतात त्यांना दोघांच्या होडीत बसवावे, पण तिथे एक पथ्य पाळावे: प्रत्येक सत्राच्या मध्यावर सुकाणू आणि शिडाची दोरी यांची अदलाबदल सक्तीने करावी. नाहीतर धीट मूल कायम सुकाणूवर बसते आणि बुजरे मूल अख्खा हंगाम नुसते वजन म्हणून बसून राहते.

वारा, पाणी आणि जागा

सुरुवातीच्या सत्रांसाठी वारा किनाऱ्याला समांतर वाहत असेल तर उत्तम, कारण वारा बाजूने घेऊन बाहेर जाता येते आणि तसाच तो घेऊन परतही येता येते. समुद्राकडून किनाऱ्याकडे येणारा वारा होडीला निदान घराकडे ढकलतो, पण त्यासोबत येणाऱ्या लाटांमुळे होडी पाण्यात घालणे कठीण होते. खरी दक्षता जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात घ्यावी. काठावर उभे राहून पाहिले तर पाणी आरशासारखे दिसते, कारण झाडे आणि घरे वारा अडवतात आणि लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेले नसते. शे-दोनशे मीटर पुढे गेले की आडोसा संपतो, होडी वेगाने बाहेर जाऊ लागते आणि परत यायचे तर थेट वाऱ्याच्या तोंडावर यावे लागते, जे नवशिक्याला अजून येत नसते. असा वारा असेल तर नवशिक्यांना पाण्यावर नेऊ नये. त्या दिवशी किनाऱ्यावर शिकवण्यासारखे पुष्कळ आहे.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो. ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येऊ लागतो, जो दुपारनंतर जोर धरतो. त्यामुळे मतलई वारा पडून खारा वारा नुकताच सुरू झालेला असतो ती वेळ नवशिक्यांसाठी सर्वांत चांगली. मुलांना हे तोंडी सांगण्यापेक्षा सकाळपासून दर तासाला झेंडा कोणत्या दिशेला उडतो ते त्यांच्याकडून वहीत लिहून घ्यावे. नवशिक्यांसाठी दहा नॉटपर्यंतचा (नॉट हे समुद्रावर वेग मोजायचे एकक) वारा पुरे. वाऱ्याचा जोर श्रेणींत मांडणाऱ्या बोफर्ट मापनात सात ते दहा नॉट म्हणजे तिसरी श्रेणी, आणि तिथेच लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. फेस जागोजागी वारंवार दिसू लागला म्हणजे चौथी श्रेणी लागली असे समजून नवशिक्यांना आत बोलवावे.

भरती-ओहोटीचा वेग सहाही तास सारखा नसतो, हे मुलांना आकड्यांनी दाखवले की लक्षात राहते. सहा तासांच्या भरतीत पाणी बारा भागांपैकी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग चढते, असा ढोबळ नियम आहे. एकूण चढ तीन मीटर असेल तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी ७५, पुढे पुन्हा ५० आणि २५. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि त्याच वेळी प्रवाह सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर आणखी वाढतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर जात असेल आणि वारा समोरून आत येत असेल, तर लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. दोन तासांपूर्वी त्याच जागी, त्याच वाऱ्यात पाणी सपाट असू शकते. म्हणून सत्राची वेळ शाळेच्या सुटीवरून ठरवू नये, भरतीच्या वेळापत्रकावरून ठरवावी.

आधी उलटणे, मग चालवणे

होडी उलटणे हा अपघात आहे असे मुलाच्या मनात बसले, तर ते कायम उलटण्याच्या भीतीत होडी चालवते, दोरी घट्ट आवळून धरते आणि त्यामुळेच उलटते. म्हणून पहिल्या एक-दोन सत्रांत शीड चालवण्याआधी होडी मुद्दाम उलटवून सरळ करणे शिकवावे. त्यासाठी डोलकाठीचे टोक तळाच्या चिखलात रुतणार नाही एवढे खोल पण शांत पाणी निवडावे आणि प्रशिक्षकाने मुलाशेजारी पाण्यातच असावे.

क्रम असा असावा. होडी आडवी झाली की मुलाने आधी आपले नाव मोठ्याने पुकारावे. आवाज आला म्हणजे श्वास चालू आहे आणि डोके ताळ्यावर आहे. मग शिडाची दोरी मोकळी सोडावी, कारण ती अडकलेली राहिली तर होडी उठताना शिडात वारा भरून ती पुन्हा कोसळते. त्यानंतर होडीचा काठ एका हाताने न सोडता पोहत तळाच्या बाजूला यावे. तिथे डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून खाली जाणारी उभी फळी, आता पाण्यावर आडवी बाहेर आलेली असते. तिच्या टोकावर नव्हे, तर मुळाशी दोन्ही हात ठेवून वजन टाकावे. टोकावर लोंबकळल्यास फळी मोडू शकते. काही क्षण काहीच घडत नाही असे वाटते, आणि इथेच बहुतेक मुले हात सोडतात. शीड पाण्याने जड झालेले असते, ते निथळायला वेळ लागतो. त्या काही क्षणांत प्रशिक्षकाने ‘थांब, वजन तसेच ठेव’ एवढेच म्हणावे आणि हात लावू नये. डोलकाठी पाण्यापासून वीतभर उचलली गेली की पुढचे काम सोपे असते.

दोघांच्या होडीत एकाने फळीवर जावे आणि दुसऱ्याने आडव्या होडीच्या आतल्या बाजूला पट्टा धरून पाण्यात तरंगत राहावे. होडी उठताना तो आपोआप तिच्यात उचलला जातो आणि त्याच्या वजनाने होडी सावरते. होडी पूर्ण पालथी झाली तर आत हवेची पोकळी असते आणि तिथे श्वास घेता येतो, हेही करून दाखवावे, पण तिथे थांबून राहू नये, कारण आत दोऱ्या लोंबत असतात. कोणी शिडाखाली सापडले तर तळहाताने शीड वर ढकलावे, तोंडापुरती हवा मिळते. मग शिडाच्या एखाद्या शिवणीला धरून एकाच दिशेने सरकत बाहेर यावे. एक नियम मात्र पक्का करून घ्यावा: होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायचे नाही. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि लाटांत माणसाचे डोके दिसत नाही पण उलटलेली होडी दिसते.

ज्या दिवशी मूल उलटून, होडी सरळ करून, पाणी उपसून हसत बसते त्या दिवशी त्याला सुकाणू द्यावे.

शीड आणि सुकाणू

पहिला धडा वाळूवर घ्यावा. होडी वाऱ्यात उभी करून शीड चढवावे आणि मुलाला आत बसवून होडी वेगवेगळ्या दिशांना फिरवावी. त्याने प्रत्येक वेळी दोरी सोडायची, शिडाची पुढची कड फडफडू लागेल इतकी. मग फडफड नुकती थांबेल इतकीच ओढायची. शीड लावण्याचे जवळजवळ सगळे तंत्र या दोन हालचालींत आहे. सोबत हेही कळते की दोरी सोडली की शिडातला जोर जातो, म्हणजे होडीचा ब्रेक हातातच आहे. वाऱ्याच्या झोताने होडी कलली की दोरी सोडायची, हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नये.

पाण्यावर पहिला सराव दोन बोयांमध्ये वारा बाजूने घेऊन ये-जा करण्याचा असावा आणि प्रत्येक टोकाला वळताना नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडूनच फिरवावी, म्हणजे बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) हळू ओलांडते. थेट वाऱ्याच्या दिशेने शिडाची होडी जात नाही; दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंतचा पट्टा तिला बंद असतो आणि त्या दिशेला जायचे तर नागमोडी मार्ग घ्यावा लागतो. मूल त्या पट्ट्यात अडकून थांबले तर बूम हाताने एका बाजूला ढकलून धरायला सांगावे. होडी मागे सरकते, नाळ बाजूला वळते आणि शीड पुन्हा भरते. वारा पाठीशी घेऊन वळणे, ज्याला जाइब म्हणतात, ते शेवटी शिकवावे. त्यात बूम एका बाजूकडून दुसरीकडे जोरात येते आणि डोक्याला लागू शकते. सुरुवातीच्या सत्रांत लहान मुलांना हलके हेल्मेट द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाठींसाठी वेगळे सत्र नको. वारा पडलेला असतो तेव्हा त्या शिकवाव्यात. दोरीचे टोक कप्पीतून निसटू नये म्हणून आठाची गाठ, न सरकणारा फास हवा तेव्हा बोलाइन, आणि खांबाला किंवा कडीला बांधायला एक पूर्ण वेढा घेऊन दोन अर्धे फास, एवढ्यांवर पहिला हंगाम निघतो. बोलाइन ताणाखाली सोडता येत नाही, वेढ्याची गाठ सोडता येते; कुठे कोणती वापरायची हे या एका फरकावरून मुले स्वतः ठरवू लागतात.

दुसऱ्या होड्या आणि मोठी जहाजे

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे असून १९७७ पासून लागू आहेत. मुलांना त्यांतले थोडेच नियम हवेत, पण ते पक्के हवेत. दोन शिडाच्या होड्यांपैकी जिला डावीकडून वारा लागतो तिने उजवीकडून वारा लागणारीला वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने वारा लागत असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेल्या होडीने वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचे. मासेमारी करत असलेल्या, जाळे पाण्यात असलेल्या नौकेपासून शिडाच्या होडीने दूर राहायचे, आणि अरुंद खाडीत किंवा बंदराच्या मार्गात मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. ‘शिडाच्या होडीला नेहमीच पहिला मान’ हा समज मुलांत लवकर पसरतो, तो वेळीच खोडून काढावा.

हे नियम अंगणात शिकवणे सर्वांत सोपे. एका मुलाने रुमाल धरून वारा व्हायचे, बाकीच्यांनी हात पसरून शीड दाखवत चालायचे आणि समोर कोणी आले की कोणी वळायचे ते मोठ्याने सांगायचे. टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची खूणही तिथेच दाखवता येते: समोरची नौका जवळ येते आहे आणि तरी आपल्या तुलनेत तिची दिशा बदलत नाही, तर टक्कर होणार.

बचाव नौका

सहा एकेरी होड्यांमागे एक इंजिनची बचाव नौका आणि तिच्यावर दोन जाणते माणसे हे किमान प्रमाण ठेवावे. चालकाच्या पायाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असलीच पाहिजे, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन तिथल्या तिथे थांबते आणि नौका मुलांमध्ये मोकाट फिरत नाही. पाण्यातल्या मुलाला वर घेण्याआधी इंजिन बंद करावे. नुसते न्यूट्रलवर ठेवून भागत नाही. आधी माणसे, मग होडी, हा क्रम कधीही बदलू नये. नौकेवर दोरी कापायची सुरी, जादा दोर, पिण्याचे पाणी, कोरडे कपडे, प्रथमोपचार पेटी आणि व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे नौकांवरचा बिनतारी संच, असावा. संकटाची हाक १६ व्या चॅनेलवर द्यायची असते: ‘मेडे’ तीन वेळा, नौकेचे नाव, जागा, काय घडले आणि किती माणसे आहेत. हा मजकूर कार्डावर लिहून रेडिओजवळ चिकटवावा आणि मोठ्या मुलांकडून रेडिओ बंद ठेवून म्हणून घ्यावा. रेडिओ नसलेल्या मुलासाठी दोन्ही पसरलेले हात सावकाश वर-खाली करणे ही आंतरराष्ट्रीय संकटखूण आहे.

थंडी वाजण्यासाठी पाणी फार थंड असावे लागत नाही. ओल्या अंगावर वारा लागत राहिला की लहान मूल लवकर गारठते. ते गप्प होते, हात नीट चालत नाहीत, दोरी सुटू लागते. ही लक्षणे दिसताच त्याला बाहेर काढावे. विजेच्या बाबतीत चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर सगळ्यांनी किनाऱ्यावर आडोशाला जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरायचे नाही.

कोण पाण्यावर आहे याचा हिशेब स्मरणावर सोडू नये. फळीवर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला टांगावा; जाताना मुलाने स्वतः तो ‘पाण्यावर’च्या खिळ्यावर लावायचा आणि आल्यावर स्वतः काढायचा, मित्राने नाही. एक जरी बिल्ला उरला तरी कोणी घरी जायचे नाही.

निर्णय मुलांच्या हाती

रोज एका मुलाने हवामानाचा अंदाज आणि भरतीचे वेळापत्रक वाचावे, पाण्याकडे पाहावे आणि सगळ्यांसमोर आजचा बेत मांडावा: जायचे का, कुठपर्यंत, परतायची वेळ कोणती, आणि वारा वाढला तर काय. प्रशिक्षकाने फक्त प्रश्न विचारावेत. इथे मी एक नियम सुचवतो. मुलांनी ‘आज नको’ म्हटले तर तो निर्णय बदलायचा नाही. ‘जाऊया’ म्हटले तर तो तपासायचा. पहिल्या ‘नको’ला प्रशिक्षकाने टिंगल केली किंवा उगाच समजूत घातली, तर पुढे कोणतेही मूल मनातली शंका बोलून दाखवणार नाही. परत आल्यावर त्याच मुलाने वहीत ठरवलेले आणि घडलेले, दोन्ही लिहावे.

होडीची देखभालही मुलांकडेच द्यावी: गोड्या पाण्याने धुणे, घासलेल्या दोऱ्या शोधणे, तळाचे बूच तपासणे, कड्यांच्या पिना हाताने फिरवून पाहणे. ज्याला दोष सापडेल त्याने डोलकाठीला लाल फीत बांधावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती होडी कोणीही, प्रशिक्षकानेसुद्धा, पाण्यात घालू नये.

ज्यांचे एवढे पक्के झाले त्यांना संधी मिळाली तर मोठ्या शिडाच्या जहाजावर पाठवावे. १९५६ साली इंग्लंडमधील टॉरबे ते लिस्बन अशी मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली, आणि आजही या परंपरेतल्या शर्यतींत निम्मे खलाशी १५ ते २५ वर्षांचे असावे लागतात. तिथे मुलांना पाळ्या, टेहळणी, होकायंत्रावर सुकाणू धरणे आणि रात्रीचे दिवे शिकायला मिळतात: डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. मुख्य म्हणजे आपण झोपलेलो असताना दुसऱ्याच्या लक्षावर विसंबावे लागते आणि आपल्या पाळीत इतर जण आपल्यावर विसंबून झोपतात, ही गोष्ट छोट्या होडीत कधीच अनुभवाला येत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या ज्या मुलांना शिकवण्याची आवड असेल, त्यांना मदतनीस म्हणून घ्यावे. सुरुवात बिल्ल्यांच्या फळीपासून करावी, मग किनाऱ्यावर जॅकेट तपासण्याचे काम द्यावे, आणि त्यानंतर बचाव नौकेवर दुसरा माणूस म्हणून न्यावे. इंजिन मात्र त्यांच्या हाती रीतसर प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय देऊ नये.